पहिल्या पंगतीचे लक्ष्मणराव

पुरी वाढायला कुणी पुढे आलं की लक्ष्मणराव मोठ्यानं मोजायचे. हिंगणघाटच्या बाजारात कापसाची तोलाई करताना मोजायचे तसंच, एकाला 'लाभ' म्हणून.

"लाभ. दोन. तीन. चार. हात काऊन आखडून राह्यला? तुह्या घरचं जाऊन राह्यलं का?"

जात असायचं ते वाढणाऱ्याच्या घरचंच, आणि तेच लक्ष्मणरावांना त्याला ऐकवायचं असायचं. वाढणारा हसायचा. त्याला वाटायचं, काय जिंदादिल म्हातारा आहे. मग तो बायकोला हाक मारायचा, "अगं, यांचा फोटो घे." लक्ष्मणराव फेटा सारखा करायचे आणि फोटो काढणारीकडे अशा नजरेनं बघायचे, जशी ती ओल्या कापसाची गाडी घेऊन फाटकात शिरली आहे.

सिंदी मेघेची वस्ती संपून वावरं सुरू होतात तिथे हा वृद्धाश्रम. नाव 'स्नेहसांज'. अशी नावं ठेवणाऱ्यांना म्हातारपण म्हटलं की संध्याकाळच सुचते. म्हाताऱ्यांची सकाळही होते आणि ती संडासाच्या रांगेत जाते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. गावातल्या माणसाच्या मुलीचा वाढदिवस आला, बापाचं वर्षश्राद्ध आलं, नवी गाडी आली, की त्याला स्नेहसांजची आठवण यायची. फोन करून तारीख धरायची. त्या दिवशी आचारी, भांडी, सोयरेधायरे आणि एक छापील बॅनर, असा सगळा संसार दारात उतरायचा. जेवण ठरलेलं. पुरी, लाल तर्रीची आलूची भाजी, मसालेभात, भजी, पापड, बुंदी. एखाद्या लग्नघरच्या पोट्ट्यांनी ताव मारावा असं जेवण. ते अशा माणसांपुढे ठेवलं जायचं, ज्यांच्यातल्या निम्म्यांना तिखटानं रात्रभर जळजळ व्हायची आणि उरलेल्यांना पुरी तोडता यायची नाही. पण बुढ्यांना काय आवडतं हे बुढ्यांना विचारायची पद्धत नव्हती. दान देणाऱ्याला जे आवडतं ते बुढ्यांनी खायचं, ही पद्धत होती.

व्यवस्थापक धनंजय प्रत्येक पाहुण्याला तेच एक वाक्य ऐकवायचा. "आमच्याकडे कुणी उपाशी झोपत नाही बरं का." म्हणताना तो छातीवर हात ठेवायचा. छातीखाली त्याचं पोट होतं आणि ते मात्र त्याच्या वाक्याची खरीखुरी साक्ष द्यायचं.

जेवायच्या हॉलमध्ये दोन लांब टेबलं होती. एक पुढे, बॅनरच्या समोर. दुसरं स्वयंपाकघराच्या दाराशी. तिथे दात नसलेले, गिळायला त्रास होणारे, हात थरथरणारे बसायचे. त्यांना मऊ खिचडी, कुस्करलेली भाकर, दाटसर वरण. पाहुणे तिकडे फारसे फिरकायचे नाहीत. त्या टेबलाचे फोटो चांगले येत नसत. लक्ष्मणरावांनी आल्या आल्याच त्या टेबलाचं बारसं करून टाकलं होतं. बोळक्यांची पंगत. नाव इतकं चिकटलं की स्वयंपाकीणबाईसुद्धा विचारू लागल्या, "बोळक्यांचं झालं का गा वाढून?"

त्या पंगतीतला माणूस लक्ष्मणरावांच्या लेखी माणूस राहिलेला नव्हता. "खाटेच्या एक पायरी अलीकडे," असं ते म्हणायचे. "आज खिचडी, उद्या नळी, परवा चौघाच्या खांद्यावर."

आता हे लक्ष्मणराव कोण, तर मापाडी. जन्म गेला बाजार समितीच्या आवारात. कापसाची गाडी आली की सदऱ्याची बाही दंडापर्यंत सारायची आणि हात गाडीच्या पोटात घालायचा. वरचा कापूस पांढराशुभ्र, सुकलेला, कडक उन्हातून आलेला. आतली मूठ बाहेर यायची ती ते गालाला लावायचे आणि एकच शब्द बोलायचे. "पानी." पुढे शेतकऱ्यानं हात जोडले, अडत्यानं डोळा मारला, काही उपयोग नाही. गाडी बाजूला. "रात्रीच पाजलं का याले? का वेचता वेचता आंघोळ घातली?" साऱ्या आवाराला ऐकू जाईल असं. लोक घाबरायचे आणि शिव्या द्यायचे, आणि दोन्ही त्यांना आवडायचं. माणसाला ओळखायला त्यांना वेळ लागत नसे. नजर टाकली की किंमत ठरली. बहुतेकांची कमीच ठरायची.

बायको रुख्माबाई गेली तेव्हा मुलगा पियुष त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिथल्या फ्लॅटला ते कबुतरखाना म्हणाले, सुनेच्या स्वयंपाकाला दवाखाना म्हणाले, आणि एका सकाळी पिशवी भरून दारात उभे राहिले. स्नेहसांजमध्ये ते स्वतःच्या पायांनी आले. हे ते येता-जाता सांगायचे. बाकीच्यांना त्यांच्या पोरांनी आणून टाकलं होतं, हे मात्र पाय टाकत आले होते. या एका फरकावर त्यांनी पहिल्या टेबलाच्या डोक्याची खुर्ची मिळवली होती, आणि ती सोडायची म्हणजे काय सोडायचं, हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

आणि एक गोष्ट फक्त त्यांनाच ठाऊक होती. निदान त्यांना तसं वाटत होतं.

त्यांची कवळी रुख्माबाई असतानाची. हिरड्या झिजल्या, कवळी तेवढीच राहिली. आता ती तोंडात दुसऱ्याच्या चपलेसारखी सरकायची. पुरीचा तुकडा दाबला की खालच्या हिरडीतून कळ डोक्यात जायची. आतून फोडही आले होते. नवी कवळी होते, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण त्यासाठी 'चाववत नाही' असं तोंडानं म्हणावं लागलं असतं. आणि ज्याला चाववत नाही त्याची जागा कुठली, हे त्यांनीच साऱ्या आश्रमाला शिकवलेलं होतं.

म्हणून पुऱ्या मोठ्यानं मोजून घ्यायच्या. ताटाशी सगळ्यांत शेवटपर्यंत बसायचं. हॉल रिकामा होत आला की पुऱ्या रुमालात, रुमाल बाहीत, आणि हात धुण्याच्या निमित्तानं मागच्या पाण्याच्या टाकीकडे. तिथे एक तांबडी कुत्री शेपटी हलवत उभी असायची. लक्ष्मणरावांच्या पोटात जायचं ते चहात बुडवलेलं बिस्किट, बुंदी, पातळ वरणाचा घोट. एवढंच. पोट हळूहळू मागायचंही थांबलं होतं.

एकदा टाकीच्या मागून आवाज आला.

"कुत्री लय फुगली तुमची."

भागाबाई. बोळक्यांच्या पंगतीतली. कारंजाकडच्या जंगलातली गोंड बाई, जन्मभर तेंदूपत्ता तोडला, मोहफुलं वेचली, आता तोंडात एक दात नाही आणि त्याचं काडीचं दुःखही नाही. भाकर वरणात मोडायची, बोटानं कालवायची, भिजेपर्यंत शेजारणीशी भांडायची आणि मग सगळं पुसून खायची. गाल भरलेले. लक्ष्मणरावांना तिचा आवाजही सहन व्हायचा नाही.

"मुक्या जनावराले घातलं तर तुह्या पोटात काऊन दुखते?" ते म्हणाले.

"माह्या पोटात नाई दुखत. माहं पोट भरलेलं हाय." तिनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमचं काय ते तुम्ही पाहा."

ते काहीतरी अस्सल बाजारी बोलले. तिनं तिच्या भाषेत त्याहून लांब काहीतरी पुटपुटलं आणि निघून गेली. त्या दिवसापासून तिचं नाव त्यांनी 'जंगलखातं' ठेवलं. ती मात्र कुणाकडे काही बोलली नाही. लक्ष्मणरावांना त्याचाही राग आला. हिला वाटतं काय, माझ्यावर उपकार करून राह्यली?

मार्चच्या शेवटी धनंजयनं सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि सांगितलं की शहरातल्या दवाखान्यातून एक आहारतज्ज्ञ मॅडम येणार आहेत. सगळ्यांची कुपोषणाची तपासणी करणार.

हॉलमध्ये खुसखुस झाली. कुपोषण म्हणजे अंगणवाडीत टांगलेल्या चित्रातलं, मोठ्या डोक्याचं आणि काडीच्या पायांचं लेकरू. आपण? आणि या वयात? धनंजयलाही तो शब्द झोंबलेला होता. जिथे दर आठवड्याला बुंदी असते तिथे कुपोषण कुठून येणार, असं त्यानं विश्वस्तांना विचारून पाहिलं होतं. पण त्यांनीच मॅडमना बोलावलं होतं, तेव्हा त्यानं छातीवरचा हात काढून घेतला आणि पुढचं सांगितलं. जे कमजोर निघतील त्यांना वेगळा आहार. अंडी, दूध, डाळ. आणि सोय म्हणून त्यांना दुसऱ्या टेबलावर बसवण्यात येईल.

हीच ती सोय. लक्ष्मणरावांच्या खुर्चीखालची फरशी कुणी उचलली असती तरी त्यांना इतकं वाईट वाटलं नसतं.

पण दुपारी सगळे पडले असताना ते ऑफिसबाहेरच्या वजनकाट्यावर जाऊन उभे राहिले, आणि उतरले ते छाती काढूनच. वजन वाढलं होतं. दिवाळीत केलं होतं त्याहून चांगलं वाढलं होतं. काटा काटाच असतो. तो अडत्याचं ऐकत नाही आणि शेतकऱ्याचंही नाही. जन्मभर ते याच एका देवाला मानत आले होते. गेल्या महिन्यापासून चपलांचे पट्टे पायात रुतायचे, त्यावरून त्यांनी मोच्याला आणि चामड्याला यथेच्छ शिव्या दिल्या होत्या, चपला आकसल्या म्हणून. आता त्यांना उलगडलं. अंगच भरून राह्यलं होतं. बुंदीनं भरत असेल. चहानं भरत असेल. ज्याचं हाड मजबूत त्याला काहीही लागतं.

संध्याकाळी त्यांनी ते सगळ्या आश्रमाला ऐकवलं. त्यांचा एक शागीर्द होता, हिरालाल. आर्वीच्या कुठल्याशा शाळेत घंटा वाजवायचा. लक्ष्मणरावांच्या प्रत्येक विनोदावर हसण्याच्या नोकरीवर तो इथे होता. अंगानं वाळलेली पळाटी, कापूस वेचून झाल्यावर वावरात उरते ती काडी. त्यानं हळूच विचारलं, "भाऊ, माहं काय होईन? मले तर टाकतेतच तिकडे."

लक्ष्मणरावांनी त्याला जवळ घेतलं. त्या दिवशी त्यांच्या हृदयात दया होती. "पानी पी," ते म्हणाले. "काट्यावर चढाच्या आधी जेवढं पोटात मावते तेवढं पी. गाडीवाले काय करत होते? तेच."

मॅडम आल्या त्या दिवशी ऊन पेटलेलं. मंजुषा नाव. पस्तिशीची, सुती ओढणी, खांद्याला पिशवी, तीत मोजपट्टी. नमस्कार-चमत्कार कमी. धनंजयनं आणलेलं सरबत तिनं बाजूला ठेवलं आणि सरळ एकेकाला खुर्चीवर घेऊन विचारायला लागली. काल सकाळपासून काय काय पोटात गेलं? चावताना दुखतं का? कपडे सैल व्हायला लागले का? मग वजन, मग पोटरीला आणि दंडाला पट्टी.

हिरालालनं गुरूची आज्ञा तंतोतंत पाळली होती. तो काट्यापर्यंत असा चालत आला, जशी डोक्यावर भरलेली घागर आहे. काट्यावर उभा राहिला. मंजुषानं आकडा बघितला, त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाली, "काका, आधी बाथरूमला जाऊन या. आपण मग करू." तो गेला तो धावतच. हॉल खदखदला. सगळ्यांत मोठ्यानं लक्ष्मणराव हसले आणि म्हणाले की या गाढवाले प्रमाण समजत नाई.

ते स्वतः शेवटी उठले. फेटा नवा बांधलेला, एवढ्या उन्हात लांब बाह्यांचा सदरा, गुंड्या मनगटापर्यंत लावलेल्या. काट्यावर चढले आणि आकडा त्यांनी स्वतःच जाहीर केला, आवाराच्या आवाजात.

"हे आमचे लक्ष्मणराव आजोबा," धनंजय खुलून म्हणाला. "आठ-आठ पुऱ्या. मोजून घेतात. तुम्ही कुणालाही विचारा."

"आजोबा तुह्या घरी असन," लक्ष्मणराव म्हणाले.

मंजुषानं विचारलं, "काका, मोजून घेता ते कळलं. खाता किती?"

त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर सॉरी म्हणाली असती. हिनं पट्टी हातात घेतली. ते म्हणाले, हा काय सवाल झाला, ताटात घेतलं ते खाल्लं. ती म्हणाली, बाही वर करा, दंड मोजायचा आहे.

"वजन झालं ना? मंग? काट्यावर भरोसा नाई का तुह्या?"

"आहे की."

"मंग बाही काऊन? मले थंडी वाजून राह्यली."

कुणीतरी हसलं. एप्रिल लागत होता. मंजुषा वाद घालत बसली नाही. ती खाली वाकली, त्यांच्या धोतराची कड जरा बाजूला केली, आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. जरा वेळ. मग उचलला.

अंगठ्याच्या जागी खड्डा पडला होता. तो भरून येईना.

लक्ष्मणराव वाकून बघत होते. खड्डा बघत होते. तोंडावरची सगळी मस्ती ओसरून तिथे एक जुना, कामातला, बारीक डोळ्यांचा माणूस आला. अंगठा ठेवून दाबायचं, सोडायचं, आणि आत काय आहे ते ओळखायचं. हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"पानी," ते म्हणाले.

"हो काका. पायात पाणी साठलंय. वजन त्याचं वाढलंय." तिनं आवाज खाली आणला होता. "आता दंड दाखवा."

गुंडी त्यांनी स्वतः काढली. बाही वर गेली. गाड्यांच्या पोटात जायचा तो हात. कातडी हाडावर धुणं वाळत घातल्यासारखी लोंबत होती. पट्टी गुंडाळली आणि फार लवकर स्वतःलाच येऊन भेटली. मंजुषानं त्यांना तोंड उघडायला लावलं, कवळी काढायला लावली, आणि आतले फोड बघून तिच्या तोंडून चक असा आवाज निघाला. ती म्हणाली की आधी हृदय आणि किडनी तपासून घेऊ, पण तिला शंका खाण्याचीच आहे. अंगाला लागणारं काही पोटात जातच नाहीये, कित्येक दिवस.

धनंजयला हे कसं मान्य व्हावं? त्यानं पुन्हा पुऱ्यांचा विषय काढला. "मॅडम, आठ पुऱ्या म्हणजे…"

"पुऱ्या कुत्री खाते," दुसऱ्या टेबलावरून भागाबाई म्हणाली.

ती ओरडली नाही. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशी बोलली. पण ते साऱ्या हॉलला ऐकू गेलं. लक्ष्मणरावांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते बाहीची गुंडी लावत होते आणि ती काही केल्या लागत नव्हती.

हृदय ठीक निघालं, किडनी ठीक निघाली. मंजुषानं धनंजयला समजावलं. फोड बरे होऊ द्या, मग नवी कवळी. तोपर्यंत मऊ आणि दमदार अन्न, थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. अंडं कुस्करून, डाळ दाट, दूध, दही. असं महिना-दोन महिने नीट खाल्लं तर पायांची सूज उतरेल. नाही खाल्लं तर, तिनं लक्ष्मणरावांच्या समोरच सांगितलं, एखाद्या साध्या खोकल्यानं ते जातील.

धनंजयनं ऐकून घेतलं आणि त्याला जो इलाज समजला तो त्यानं त्याच दिवशी केला. कुत्री हाकलून लावली.

लक्ष्मणराव दुसऱ्या टेबलावर गेले नाहीत. स्वयंपाकीणबाई वाटी घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या, तर त्यांनी वाटी उंबऱ्याबाहेर सरकवली. हे बोळक्यायचं बोळक्यायले दे. पियुषचा फोन आला, त्याला म्हणाले, तब्येत एकदम झकास, वजन वाढलं. जेवायच्या वेळी ते पहिल्या टेबलाच्या डोक्याशी बसायचे, ताट समोर घेऊन, फेटा बांधून, काही न खाता. आता बाहीत घालून न्यायचं तरी कुणासाठी? पाय आणखी सुजले. संडासापर्यंत जाऊन आले की खाटेवर बसून धापा टाकायचे. हिरालाल काट्यावर दुसऱ्या खेपेला चढला तेव्हा अपेक्षेप्रमाणे कमजोर निघाला होता आणि मुकाट खिचडीवर गेला होता. तिथे त्याला नवीन लोक भेटले, नवीन विनोद भेटले. लक्ष्मणरावांच्या विनोदांवर हसायला आता कुणी उरलं नव्हतं, पण विनोदही उरले नव्हते.

भागाबाई एकदा त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"मरता का हो?" तिनं विचारलं.

"तुह्या बापाचं काय जाते?"

"माह्या बापाचं काई नाई जात. खिचडी उरते म्हून विचारलं. उरलेली मले देतेत."

ती गेली. साऱ्या आश्रमात एकानंही त्यांना हा प्रश्न इतका सरळ विचारला नव्हता. बाकीचे सगळे 'बरं वाटते ना' म्हणायचे आणि उत्तराआधी निघून जायचे.

त्या रविवारी कुणा प्रेमदास नावाच्या माणसाच्या स्मरणार्थ जेवण होतं. प्रेमदासांचा मोठा फोटो, त्याला चंदनाचा हार, खाली त्यांच्या मुलाचा त्याहून मोठा फोटो. मुलाची बायको रूपाली फोन हातात धरून हॉलभर फिरत होती. तिला नुसता फोटो नको होता. तिला घास भरवतानाचा व्हिडिओ हवा होता. हल्ली तशीच पद्धत आहे. आपण वृद्धांना घास भरवतो आहोत, वृद्धांचे डोळे भरून आले आहेत, मागे सनई लावायची. तिनं नजर फिरवली आणि फेट्यावर थांबली. फोटोतल्या त्या सासऱ्याला तिनं शेवटचा घास कधी भरवला होता ते देवाला ठाऊक.

"आजोबा, आ करा. माझ्या हातचं खा ना."

फोन नणंदेच्या हातात गेला. लक्ष्मणराव मान फिरवून राहिले. ती लाडानं हसली, पुरीचा मोठा तुकडा तर्रीत बुडवला आणि त्यांच्या ओठांशी नेला. हॉल बघत होता. धनंजय मागून म्हणाला, "खा आजोबा, ताई किती प्रेमानं देऊन राहिल्या." नकार द्यायला जेवढी ताकद लागते तेवढीही त्यांच्यात नव्हती. घास आत गेला. तर्री फोडांना लागली. ते चावायला गेले, कवळी सुटली, घास मागे सरकला, आणि त्यांना ठसका लागला. असा ठसका की डोळे पांढरे झाले. दोन्ही हात टेबलावर आपटले. कुणी पाठ चोळली, कुणी पाणी आणलं, रूपाली नुसतीच "अय्या" म्हणाली. मग सगळं एकदम बाहेर आलं. पुरी, लाळ, आणि वरची कवळी. कवळी ताटात बुंदीवर जाऊन पडली आणि तशीच राहिली.

नणंदेनं फोन खाली केला नव्हता.

दुसऱ्या टेबलावर हिरालालला हसू आलं. त्याच्या गुरूनंच त्याला हसायचं वळण लावलं होतं.

लक्ष्मणरावांनी श्वास जागेवर येऊ दिला. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. कवळी उचलली, तिला चिकटलेले बुंदीचे दाणे झटकले, खालचीही काढली, आणि दोन्ही सदऱ्याच्या खिशात टाकल्या. गाल आत गेले आणि त्यांचा चेहरा एकदम लहान झाला.

"झाला का व्हिडिओ?" त्यांनी रूपालीला विचारलं. दात नसल्यानं शब्द ओलसर येत होते. "आता सासऱ्याच्या नावानं थोडी डाळ शिजवजो पुढच्या वर्षी. पुरी तुह्या नवऱ्याले भरव."

आणि ते उठले. टेबलाच्या डोक्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत धडधाकट माणसाला काय लागतं? त्यांना पार बाजार ओलांडल्यासारखं झालं. सुजलेले पाय फरशीवर घासत होते, हात भिंतीला. कुणी आधार द्यायला पुढे आलं तर नजरेनं मागे सारलं. धनंजय पाहुण्यांना सांगत होता की वय झालं की अशी चिडचिड होते.

"या भाऊ, बोळक्यायच्या पंगतीत या," हिरालाल म्हणाला.

"चूप बे," भागाबाई म्हणाली. मग लक्ष्मणरावांकडे बघून, "बसा. इथं मोजून नाई भेटत. जे हाय ते खावं लागते."

सरकायची काही तिला घाई नव्हती. त्यांना बाकाच्या टोकावर अर्ध्या मांडीवर बसावं लागलं. स्वयंपाकीणबाईंनी वाटी ठेवली. मूगडाळीची दाट खिचडी, वर दही. लक्ष्मणरावांनी बोट घातलं, बोटावरची खिचडी निरखली, गिरणीत सुताला लावतात ती खळ याहून घट्ट असते असं म्हणाले, आणि तूप मागितलं. तूप आलं. ते कमी आहे म्हणून पुन्हा मागितलं. भागाबाईनं आपली तुपाची वाटी पलीकडच्या बाजूला सरकवून ठेवली.

मग ते जेवले. हळूहळू, हिरड्यांनी दाबत, मधे मधे थांबत. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते दह्याच्या आंबटपणानं की फोडांनी, कुणी विचारायला गेलं नाही. पलीकडे पाहुणे बॅनर गुंडाळत होते. स्वयंपाकीणबाई भांडं घेऊन आल्या आणि अजून वाढू का म्हणाल्या.

"काई चव नाई याले," लक्ष्मणराव म्हणाले आणि वाटी पुढे केली.